एकाच उजेडात तीन दवाखाने

कापड रंगवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे शेडवाली म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण पाठीमागे जे म्हणत ते याहून बरंच लांबलचक होतं. शेड, म्हणजे रंगाची छटा, जुळवायचं तिचं काम दिसायला सोपं. गिऱ्हाइकाने पसंत केलेला कापडाचा तुकडा आणि मशीनमधून नुकताच निघालेला तुकडा लाइट बॉक्समध्ये शेजारी-शेजारी ठेवायचे, बघायचं, आणि पास की नापास ते सांगायचं. लाइट बॉक्स म्हणजे आतून करड्या रंगाची, वर ठरावीक दिवे बसवलेली एक मोठी पेटी. मशीनवाले वाफेत उभे राहून लॉट काढत आणि ही खुर्चीत बसून म्हणे, “जरा लालसर आहे.” अशा बाईने लोकप्रिय व्हावं ही अपेक्षाच चुकीची.

“लालसर म्हणजे किती?” असं एखादा नवा माणूस विचारी.

“आहे तेवढा,” ती म्हणे, आणि लॉट परत जाई.

या बाईचं डोकं दुखे. सगळं नाही, अर्धं. पण त्या अर्ध्याची वागणूक पूर्ण डोक्याची असे. दुखायच्या आधी डोळ्यांसमोर एक नागमोडी चमचमती रेघ यायची आणि बरोबर दोन तुकड्यांच्या मधोमध थरथरत बसायची. ती असेपर्यंत शेडवालीला शेवाळी आणि राखाडी यांत काही फरक दिसत नसे. मग ती “डोळ्यात काहीतरी गेलं” म्हणून उठायची, मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारायची आणि रेघ विझायची वाट बघायची. बाई डोळ्यांची किती काळजी घेते, असं लोक कौतुकाने म्हणत. गैरसमजातून मिळालेलं कौतुकही नाकारायचं नसतं, म्हणून ती गप्प बसे.

एकदा मात्र ती उठली नाही. लॉटची घाई होती, रंगखात्याचे मास्तर शेजारी उभे होते, रेघ नाचत होती. तिने अंदाजाने पास म्हटलं. पडद्यांचं फिकट निळं कापड गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जांभळट ठरलं आणि गेलं तसं परत आलं. मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, “वय होतंच की सगळ्यांचं.”

कारखान्यात ज्याची नजर गेली त्याला घडीखात्यात पाठवायची पद्धत होती. घडीखातं वाईट नव्हतं. खुर्च्या चांगल्या, खिडक्या मोठ्या, गप्पा भरपूर. पण तिथे कापडाकडे कुणी बघत नसे, नुसत्या घड्या घालत. शेडवालीने त्या संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

“अहो, माझे डोळे जाणार बहुतेक.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठलीही गोष्ट बिघडली की आधी घाबरायचं नाही आणि मग माहिती गोळा करायची, ही त्याची रीत. त्याने फोन घेतला आणि शहरातले डोकेदुखीचे दवाखाने शोधायला बसला. आयुष्यात एक कादंबरी पुरी न केलेला हा माणूस लोकांचे दवाखान्यांवरचे अभिप्राय मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागला.

“इथे एकाने लिहिलंय, डॉक्टर देवमाणूस आहेत. त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलंय, गाडी लावायला जागा नाही.”

“कुणाचं डोकं थांबलं का, ते लिहिलंय?”

“ते कुणी लिहीत नाही. ज्यांचं थांबलं ते कशाला फोन उघडून बसतील?”

हे तिलाही पटलं. तेवढ्यात नणंद आली. घरात कुणी आजारी पडल्याचा वास तिला दोन गल्ल्यांवरून लागतो, असं तिचा सख्खा भाऊच म्हणे. “वहिनी, तू त्या सुयांवाल्याकडे जा बाई. माझ्या मैत्रिणीच्या सासूची अर्धशिशी पहिल्याच बैठकीत पळाली.”

“मग आता सासूबाई बऱ्या?”

“बऱ्या म्हणजे काय, ठणठणीत. आता गुडघ्यांसाठी जातात तिथेच.”

शेडवालीच्या धंद्यात एक नियम पक्का. एक तुकडा खिडकीपाशी बघितला आणि दुसरा ट्यूबलाइटखाली, तर त्यांची तुलना होत नाही; दोन्ही एकाच उजेडात बघावे लागतात. दवाखान्यांनाही तिने तोच न्याय लावायचं ठरवलं. प्रत्येक डॉक्टरला एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही देताय त्याने गेलं नाही, तर पुढे काय?

पहिला दवाखाना काचेच्या उंच इमारतीत होता. नवऱ्याने लिफ्टमध्ये पाय ठेवल्याबरोबर कान टवकारले, वर जाईपर्यंत डोळे मिटून ऐकलं आणि बाहेर पडताना म्हणाला, “उत्तम. ब्रेकचा आवाज नाही. माणसं व्यवस्थित आहेत.” आत छतावर ओळीने पांढरे झगझगीत दिवे, भिंतीवर टीव्ही, आणि कुठूनतरी फवारलेला गोड अत्तराचा वास. डोकं न दुखणाऱ्या माणसाचंही दुखावं अशी सगळी सोय. बाकांवरचे रोगी हातरुमालाने डोळे झाकून आपापला नंबर पुकारण्याची वाट बघत होते. डॉक्टर तरुण, हसतमुख आणि घाईत. त्यांनी दुखतं कुठे, किती वेळ, ओकारी येते का, हे सगळं नीट विचारलं, मेंदूचा फोटो काढायला सांगितला आणि शेवटी विचारलं, “दुखल्यावर काय घेता?”

“काही नाही,” ती म्हणाली. “दुखल्यावर आडवी होते.”

तिने तिचा प्रश्न विचारला. डॉक्टर हसून म्हणाले, “जाईल हो. का नाही जाणार?” आणि पुढचा नंबर पुकारला गेला. फोटो स्वच्छ निघाला. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी झोप आली, डोकं तसंच राहिलं. आता ते झोपेत दुखायचं, एवढाच बदल.

दुसरा दवाखाना नणंदेने सांगितलेला, सुयांवाल्याचा. इथल्या लिफ्टचं दार बंद होताना कुरकुरलं आणि नवऱ्याचा चेहराही. “दोरखंड बदलायला झालाय,” तो हळूच म्हणाला, “येताना जिन्याने येऊ.” उजेड मात्र मंद होता, पाण्याच्या खळखळीचा आवाज लावलेला होता, आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “सिल्व्हर बघताय की गोल्ड?”

“डोकं बघतोय,” नवरा म्हणाला.

मुलीने समजावून सांगितलं की, गोल्डमध्ये मानेचा मसाज येतो. सुयांवाले गृहस्थ सभ्य होते, हात हलका होता. त्यांनीही विचारलं, “दुखलं की गोळ्या वगैरे?” तिनेही तेच उत्तर दिलं, दुखलं की काही नाही. तिच्या प्रश्नावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नाही गेलं, तर पॅकेज वाढवता येतं.” सुया टोचल्या त्या दिवशी तिला छान वाटलं. दुसऱ्या दिवशी रेघ परत आली. नणंदेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तू सिल्व्हर घेतलंस, वहिनी. तिथेच चुकलं.”

शेडवाली आता घडीखात्यातल्या बायकांशी जरा जास्त गोड बोलू लागली होती. कधी आपल्याला त्यांच्यात बसायची वेळ येईल, सांगता येत नव्हतं.

तिसरा दवाखाना फोनवर सापडला नाही. त्याच्यावर कुणाचा अभिप्राय नव्हता. नवरा सरकारी रुग्णालयाची लिफ्ट दुरुस्त करायला गेला असताना तिथल्या वॉर्डबॉयने सांगितलं, की आठवड्यातून एक दिवस मागच्या बाजूला डोकेदुखीची वेगळी ओपीडी असते. ती तळमजल्यावर होती, त्यामुळे नवऱ्याला मत बनवता येईना आणि तो अस्वस्थ झाला. रांग मोठी, बाक लाकडी. खोलीतली एक ट्यूब बंद पडलेली. कुणाला तरी ती बदलायचा कंटाळा आला होता आणि डोकेदुखीच्या रोग्यांवर नकळत उपकार झाले होते. डॉक्टरीणबाई वयस्क, आवाज बसलेला. त्यांनी रेघेचं सगळं ऐकून घेतलं, डोळे तपासले. त्यांनीही तेच विचारलं, “दुखल्यावर काय घेता?” तिनेही तेच सांगितलं, “काही नाही.”

बाई लिहिता लिहिता थांबल्या. “बरं. मग सकाळी उठल्यापासून कामाला बसेपर्यंत काय काय करता, ते सांगा. काही गाळू नका.”

शेडवालीने सांगायला सुरुवात केली. उठते, पाणी भरते, यांचा डबा करते. बस पकडते. कारखान्यात पोचल्यावर हातपाय धुते. मग सगळ्यांबरोबर चहा, चहाबरोबरची गोळी, मग लाइट बॉक्स.

“थांबा. कसली गोळी?”

“ती नाही का, चहाबरोबरची. आमच्याकडे सगळेच घेतात.”

“कसली आहे?”

ती विचारात पडली. तिने नाव कधी बघितलंच नव्हतं. साखरेच्या डब्याशेजारी पाकीट पडलेलं असायचं. रंगांच्या वासाने आणि दिव्यांनी दिवसभरात डोकं चढू नये म्हणून मास्तरांनी पूर्वी कधीतरी सुरू केलेली पद्धत. नवा माणूस कामाला लागला की त्याला कप आणि गोळी एकदमच मिळे. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा तिच्याकडे बघत होता.

“डोकेदुखीची असेल,” ती म्हणाली. “पण ती दुखल्यावर नाही घेत. दुखायच्या आधी घेते. दुपारच्या चहाला पण.”

“रोज?”

“सुट्टीच्या दिवशी नाही.”

“आणि सुट्टीच्या दिवशी डोकं कसं असतं?”

“फार दुखतं,” शेडवाली म्हणाली. “तो दिवस तर पूर्ण जातो.” आणि आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी सांगितलं की अर्धशिशी तिला आहेच, मूळची. पण अशी गोळी जवळपास रोज पोटात गेली, की तीच डोकं दुखवायला लागते, एक दिवस चुकली तर अधिकच, आणि वरून दिलेलं दुसरं औषध लागू पडू देत नाही. आधी ती बंद करायची. सुरुवातीचे काही दिवस जास्त दुखेल, तेव्हा लाइट बॉक्ससमोर बसायचं नाही. बरोबर एक वेगळं औषध, हळूहळू वाढवायचं.

“आणि डोळे?” तिने विचारलं. खरं तर ती एवढंच विचारायला तीन दवाखाने फिरली होती.

“ती रेघ डोळ्यांत नसते, डोक्यात उठते. येते आणि जाते. तपासले मी तुमचे डोळे, चांगले आहेत. रंग कुठे जात नाहीत.”

आपला ठरलेला प्रश्न विचारायचा राहिला हे तिच्या दारापाशी लक्षात आलं. ती परत वळली. “आणि याने नाही गेलं, तर?”

“तर परत या. मग दुसरं काहीतरी करू. बरीच औषधं आहेत अजून. याच दिवशी असते मी इथे.”

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “हे उत्तर बरं आहे.” मग थोडं चालून, “तू मला कधी सांगितलं नाहीस गोळीचं.”

“चहा पिते तेही कुठे सांगते?”

आता उरले मास्तर. त्यांना रजा मागायची म्हणजे डोकेदुखी सांगायची, रेघही सांगायची, पडद्यांचं कापड अंदाजाने पास केलं तेही. तिने उभ्या उभ्या एका दमात सगळं सांगून टाकलं आणि घडीखात्याचं नाव ऐकायची तयारी केली.

मास्तरांनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे गोळी वाईट?”

“रोज घेतली तर, मास्तर.”

“माझं तर कधी डोकं दुखत नाही.”

“सुट्टीच्या दिवशी?”

“ओपीडी कुठल्या वारी असते म्हणालात?” मास्तरांनी विचारलं, आणि मग जरा घाईने, “जा रजेवर. तुम्ही येईपर्यंत शेड मी बघतो. पूर्वी मीच बघायचो.”

ते दिवस वाईट गेले. पडदे ओढून ती पडून राहिली, नवरा ओल्या फडक्याच्या घड्या बदलत राहिला, आणि नणंद येऊन दारातूनच कुजबुजत चौकशी करून गेली. तिच्या आयुष्यातला हा सर्वांत हळू आवाज असावा. मग एका सकाळी शेडवालीला जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आलं की काही दुखत नाहीये. ती हलली नाही. न दुखणाऱ्या डोक्यात नुसतं पडून राहणं किती आरामाचं असतं, हे ती विसरून गेली होती.

अर्धशिशी अजून येते, पण पाहुण्यासारखी, आणि लवकर उठते. रेघ आली की शेडवाली आता सरळ सांगते, “रेघ आलीय, थांबा जरा,” आणि मशीनवाले थांबतात. काहींना तर ती रेघ आवडू लागली आहे, तेवढीच विश्रांती.

कामावर परतली त्या दिवशी मास्तरांनी पास केलेल्या लॉटचा तुकडा बॉक्समध्ये तसाच पडलेला होता. तिने बघितलं. बॉक्सच्या आतल्या करड्या भिंतीवर नजर क्षणभर टेकवली आणि पुन्हा बघितलं.

“मास्तर,” ती म्हणाली, “हा पिवळट आहे.”

“कुठे पिवळट? किती?”

“आहे तेवढा.”

मास्तरांनी तुकडा उचलला, डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, खिडकीपाशी नेऊन आणला. मशीनवाल्यांना हाक मारून लॉट परत घ्यायला सांगितलं. ते पुटपुटत आले, आणि जाताना तिला ऐकू जाईल अशा बेताने जे बोलले ते बरंच लांबलचक होतं. शेडवालीने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि पुढचा तुकडा मागितला.