माहेरच्या माणसाचं बिल

बिराप्पाची आन् माझी जोडी एसटीत जमली. मी लालासाहेब, स्टेअरिंगवर, आन् त्यो मागं तिकिटं फाडत. मिरज डेपोची गाडी घेऊन आमी साताऱ्यावरनं, शिरवळवरनं पुण्याला जायचो आन् परत यायचो. रिटायर व्हईस्तोवर आमच्या बहुतेक ड्युट्या एकाच गाडीवर झाल्या. त्येच्या घरचे जेवढे त्येला वळखत नसतील तेवढा मी वळखतो, म्हणून हे सांगायचा हक्क माझा हाय.

लांब पल्ल्याच्या एसटीची एक रीत तुमाला ठावं असंल. ढाब्यावर गाडी थांबली की ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट. कुठं लिवलेलं न्हाई, पण आतल्या खोलीत दोन ताटं मांडलेली असत्यात. गाडीभर गिऱ्हाईक दारात आणून उतरवल्याचा त्यो मान. मी बाबा आडवा हात मारायचो, लाज कसली. ह्यो बिराप्पा मात्र बाहेर प्याशिंजरांच्या बाकावर बसायचा आन् गल्ल्यावर जाऊन ताटाचे पैसे द्यायचा. मालकाला कसंनुसं व्हायचं, आन् माझ्या तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा मी त्येला झाडलाच. म्हणलं, तू लय धुतल्या तांदळाचा, मग मी काय भिकारी का? त्यो हात धुऊन आला, रुमालाला पुसले, आन् म्हणला, "लाला, फुकटच्या ताटात मीठ कमी हाय असं तू कवा म्हणलायस का?"

मी आठवून बघितलं. म्हणलो नव्हतो. आळणी आमटी बी मी मिटक्या मारत वरपली व्हती. 

प्याशिंजर त्येला विचारायचे, कंडक्टर, हितं जेवावं का? त्यो सरळ सांगायचा, हितं चहा प्या, जेवण पुढं मिळंल. ढाबेवाल्यांनी डेपोत तक्रारी केल्या, साहेबानं बोलावून दम दिला, पण गड्याचं तोंड काय बंद झालं न्हाई.

रिटायर झाल्यावर सांगलीचा उदयसिंह त्येच्याकडं आला. ह्यो उदयसिंह ‘ताटवाटी’ नावाचं मासिक काढतो, हॉटेलांचं आन् खाण्यापिण्याचं. एके काळी आमच्या गाडीनं जाणं-येणं करायचा, तवापासनं बिराप्पाला वळखत व्हता. त्या मासिकाची गंमत सांगतो. त्यात वाईट हॉटेल नव्हतंच. जाहिरात दिली की भजी कुरकुरीत, रस्सा लाजवाब, मालक मनमिळाऊ. वाचून वाटावं, सांगली-साताऱ्यात भात करपवणारी बाई अजून जन्माला यायची हाय. लोक ते मासिक न्हाव्याच्या दुकानात चाळायचे आन् तितंच ठेवायचे. उदयसिंह खुळा नव्हता. आपल्यावर कुणी इस्वास ठेवत न्हाई हे त्येला कळत व्हतं, म्हणून त्येनं एक पान बिराप्पाला दिलं. नाव ठेवलं ‘कंडक्टरचं ताट’.

बिराप्पाची अट एकच. गुपचूप जाणार, आपल्या पदरचं बिल देणार, मगच लिवणार. बिल न्हाई तर लिवणं न्हाई. भाषा काय लय भारी नव्हती त्येची, तिकिटावर छापल्यासारखी. भाकरी गरम. डाळ पातळ. संडास घाण. शिरवळला एका मोठ्या हॉटेलवाल्यानं त्येला वळखला आन् ताटात एक गुलाबजाम जादा घातला. ह्येनं लिवलं, मला दोन मिळाले, शेजारच्या टेबलाला एकेक, म्हणून गुलाबजामाबद्दल माझं मत धरू नये. मालक फोन करून उदयसिंहला शिव्या घालत व्हता. पण लोकं हसली, आन् त्या पानावर इस्वास ठेवू लागली. माणसं मासिक इकत घेऊ लागली ती त्या एका पानासाठी.

असं सगळं बरं चाललेलं असताना आमी आष्ट्याला गेलो आन् बिराप्पानं ती चूक केली.

स्टँडच्या समोर दगडाबाईची खानावळ. चार बाकडी, भिंतीला निळा रंग, आत चुलीवर ती स्वतः. तिचा नवरा वारलेला, पोरगा पप्पू गल्ल्यावर. मटणाचं ताट आलं. मी आपला खायला लागलो. बिराप्पानं रश्श्यात भाकरी बुडवली, तोंडात घातली आन् थांबला. मला वाटलं खडा आला. त्यो म्हणला, रश्श्याला भाजल्या बाजरीचं पीठ लावलंय, हे आमच्याकडं करत्यात. आमच्याकडं म्हंजे जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला, जिथनं त्यो शिकायला म्हणून लहानपणी बाहेर पडला त्यो परत राहायला कवा गेलाच न्हाई.

आता गप खाऊन, बिल देऊन उठायचं का न्हाई? पण त्या दुष्काळी भागातल्या माणसाला बाईच्या हातचे चार घास गोड लागले की तिचं माहेर विचारल्याबिगर राहवत न्हाई. एवढा तालेवार परीक्षक, पण जात्याच तिकडचा. त्येनं चुलीकडं बघून विचारलं, "बाई, तुमचं माहेर कुठलं?"

गाव तेच निघालं. ती भाकरी तशीच तव्यावर सोडून बाहेर आली. विहिरीजवळच्या घरातला बिरा का तू, म्हणली. तुझी आई माझ्या आईबरोबर मेंढरामागं जायाची. मग काय, दोघं बी बोलत बसले, तव्यावरची भाकरी जळाली, आन् माझं ताट कुणी विचारीना. उठताना बिराप्पानं पैसे काढले तर तिनं त्येचा हातच धरला. त्यांच्यात माहेरच्या माणसाला जेवण इकत न्हाईत. इकलं तर नातं मिटलं. मी पैसे काढले तर म्हणली, तुमी दादाचे जोडीदार, तुमचं बी न्हाई.

बिराप्पा त्यानंतर तीनदा गेला. नोट ताटाखाली ठेवून आला तर तिनं ती सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडनं परत धाडली. म्हंजे झालं असं, की आख्ख्या दोन जिल्ह्यांत त्येला सगळ्यात आवडलेलं जेवण, आन् त्येच्यावरच लिवता येईना. मला तर हसायला येत व्हतं. पण मग हसायचं राहिलं न्हाई.

आष्ट्याच्या बाहेर एक गार्डन रेस्टॉरंट झालं. कारंजं, झोपाळे, रंगीत दिवे. त्येच्या मालकानं ‘ताटवाटी’ला वर्षभराच्या जाहिराती दिल्या, आन् लगेच उदयसिंहनं त्येला ‘मानाचं ताट’ हा पुरस्कार ठरवला. परीक्षक म्हणून बिराप्पाचं नाव पाहिजे व्हतं. बिराप्पा म्हणला, जेवल्याबिगर कसं देऊ. गेला, बिल देऊन जेवला, आन् येऊन उदयसिंहला सांगितलं की पडदे चांगले हायत. उदयसिंहनं त्येचं नाव वगळलं आन् पुरस्कार दिलाच. सांगलीत हॉलमधी शाल, श्रीफळ, फेटे. त्या पुरस्काराचा कापडी फलक बरोबर आष्टा स्टँडवर, दगडाबाईच्या दारासमोर लागला.

लोक तरी कसले. जे दगडाबाईकडं वर्षानुवर्षं जेवले, ते बी पोराबाळांना घेऊन तिकडं पळाले. बँकेतली माणसं गेली, बाजारातले व्यापारी गेले. तिकडनं येऊन म्हणायचे, चव न्हाई पण पुरस्कारवालं हाय. ऐकून डोकं सणकायचं माझं. पुरस्कार काय चावून खायाचा असतो?

पप्पू मिरजेला बिराप्पाच्या घरी आला तवा मी तितं व्हतो. पोराचं तोंड उतरलं व्हतं. सांगत व्हता की दुपारी दोन-चार माणसं सोडली तर बाकडी मोकळी, जागा मोबाईलच्या दुकानाला मागतायत, आन् आई म्हणती हात चालत्यात तवर चूल इझवणार न्हाई. चूल गेली तर ती घरात बसून झुरून मरंल, हे त्येला पक्कं ठावं व्हतं. मामा, तुमी एक पान लिवा, म्हणला. तुमचं लोक ऐकत्यात. बिराप्पा म्हणला, तुझ्या आईला माझे पैसे घ्यायला सांग. पप्पू म्हणला, ती मरंल पण घ्यायची न्हाई. तुमी दिले म्हणून लिवा की, कोण बघाय आलंय.

पोरगं गेल्यावर मी बिराप्पावर तुटून पडलो. म्हणलं, तिचं दुकान बसायला आलंय आन् तू तुझा नियम कुरवाळत बसलायस. एक ओळ खोटी लिवली तर आभाळ कोसळंल काय? त्येच्या बायकोनं चहा आणला त्यो गार झाला. 

"लाला," त्यो म्हणला, "मला लेखकावानी लिवता येत न्हाई. पैसे देऊन जेवतो, एवढंच माझ्या पानात हाय. तेच खोटं केलं तर त्या पानाचा तिला उपयोग काय?"

मला राग आला व्हता, अजून बी येतो. 

पुढच्या आठवड्यात आमी दोघं माझ्या मोटारसायकलीवर आष्ट्याला गेलो. पप्पूनं घरी जाऊन काय सांगितलं व्हतं कुणास ठावं, पण दगडाबाईनं त्या दिवशी दादा आला म्हणून हाक मारली न्हाई. ताट वाढलं. रस्सा, भाकरी, कांदा, सगळं जागच्या जागी. बिराप्पा खाली मान घालून जेवला. खानावळीत आमी दोघंच व्हतो, समोर त्यो फलक वाऱ्यानं फडफडत व्हता. 

जेवण झाल्यावर त्यो गल्ल्याशी गेला. पप्पू उठला आन् बाहेर निघून गेला, त्येला ते बघवणार नव्हतं. दगडाबाई आतनं आली. बिराप्पानं नोट फळीवर ठेवली. ती नोटेकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता नोट फेकती आन् आमाला हाकलती. फेकली असती तर बरं झालं असतं.

"दादा, माहेरात माझं कोण उरलं न्हाई," ती म्हणली. "तू आलास तवा वाटलं, आलं कोणतरी."

 तिनं गल्ल्याचा खण उघडला, नोट आत टाकली आन् उरलेले पैसे फळीवर ठेवले. सुट्टी नाणी बी. मग पदरानं हात पुसले, पैशाला शिवल्यावर पुसतात तसे, आन् म्हणली, "लिवा आता."

इतके दिवस ती त्येला अरेतुरे करायची. ते ‘लिवा’ मला अजून ऐकू येतं.

त्येनं लिवलं. पहिल्याच ओळीत टाकलं की ही बाई माझ्या गावची हाय, हे धरून पुढचं वाचावं. मग रस्सा, बाजरीचं पीठ, भाकरी, आन् शेवटी नेहमीसारखं, बिल दिलं. उदयसिंहनं कुरकुर केली, कारण पुरस्काराच्या फलकाच्या अगदी समोरची खानावळ, पण ते पान काढलं तर मासिक कोण घेईल हे बी त्येला ठावं व्हतं. छापलं. लोकांनी वाचलं आन् आली. सांगलीहून आली, इस्लामपूरहून आली, बँकेतली माणसं परत आली. बिराप्पानं बिल दिलंय म्हणल्यावर खरं असणार, असं बोलत आली. पप्पूनं बाकडी वाढवली, हाताखाली एक बाई ठेवली. गार्डनवाल्याचं बी बरं चाललंय. पडदे अजून चांगले हायत.

मला वाटलं व्हतं, चार दिवसांनी सगळं निवळंल. बिराप्पा जातो अजून, महिन्याला एकदा तरी. मागच्या खेपंला मी संगट व्हतो. भरली व्हती खानावळ. दगडाबाईनं आमाला बघितलं आन् कोपऱ्यातलं बाकडं दाखवलं. गावाकडचं कायबाय सांगावं म्हणून बिराप्पानं तोंड उघडलं, बिरोबाच्या जत्रंला जाऊन आलो म्हणला. ती हूं म्हणून दुसऱ्या टेबलाला वाढायला गेली. त्येच्या ताटात अर्धी भाकरी उरली. पूर्वी ती त्येच्यावर वरडायची, दादा, टाकायची न्हाई, खा म्हणून, आन् वरनं रस्सा वतायची.

आता तिनं ताट उचललं, अर्ध्या भाकरीसकट, आन् विचारलं, "बिल आणू?"

बिराप्पा व्हय म्हणला.