रीस्टार्टची वही

चाकणच्या त्या कारखान्यात मी तपासणी अहवाल तयार करून छापत असे. आधी एका दैनिकात उपसंपादक होतो. तिथलं काम सुटल्यावर थेरगावातून रोज जाता येईल अशी ही नोकरी धरली. अहवालाचा कागद सोबत नसेल तर ग्राहक कंपनी गाडी गेटच्या आत घेत नाही. दसऱ्यानंतर आमचा जुना डेस्कटॉप अहवाल अर्धा असतानाच आपोआप रीस्टार्ट होऊ लागला. माल भरलेली गाडी उभी, ड्रायव्हर दारात आणि माझं टायपिंग पुन्हा पहिल्यापासून.

निकाल चहाच्या वेळी मेंटेनन्सच्या प्रमुखाने दिला. तो त्याच गावचा. कारखाना उभा आहे ती जमीन त्याच्या चुलत्याची, त्यामुळे मालकही त्याचा शब्द सहसा मोडत नसत.

"हे पेपरवाले घरनं पेन ड्राइव्ह आणत्यात. व्हायरस हाय त्यो. मशीनला काय बी झालेलं न्हाई, माणूस बदला."

अकरा जण हसले. मी मोजले. पेन ड्राइव्ह मी कधीच आणला नव्हता. मालक म्हणाले, "आठ दिवस बघू. नाहीतर दुसरं कोणीतरी शोधावं लागेल."

नोकरी वाचवायची होतीच. पण त्याहून जास्त, त्या माणसाला त्याच अकरा जणांसमोर खाली बघायला लावायचं होतं.

अँटिव्हायरस चालवला, काही सापडलं नाही. बिघाड होताच आपोआप रीस्टार्ट होण्याची सेटिंग बंद केली, म्हणजे विंडोज कोलमडत असेल तर निळ्या पडद्यावर कारण दिसेल. निळा पडदा आलाच नाही. थेट काळोख. याचा अर्थ वीजच तुटत होती. कॉम्प्युटरचा डबा उघडून ग्राइंडिंगची धूळ काढली, रॅम खोडरबरने घासून बसवली. थेरगावच्या एका दुकानातून दुसरा पॉवर सप्लाय आणून लावला. तरीही तेच.

चौथ्या दिवशी वही केली आणि प्रत्येक रीस्टार्टची वेळ लिहू लागलो. संध्याकाळी वही वाचताना दिसलं की जेवणाच्या अर्ध्या तासात एकदाही रीस्टार्ट झालेला नाही. त्या वेळी कॉम्प्युटर चालू असतो, कारखाना बंद असतो. दुसऱ्या दिवशी डबा कॉम्प्युटरसमोरच खाल्ला. भोंगा झाला, मशिनं सुरू झाली, थोड्या वेळाने बाहेर हवेचा कंप्रेसर धडधडला. ट्यूब मिणमिणली आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला. वहीत दुसरा रकाना पाडला: कंप्रेसर सुरू झाल्याची वेळ. दोन्ही रकाने जुळत गेले: कंप्रेसर सुरू होताना विजेचा दाब क्षणभर पडत होता.

पण कंप्रेसर दसऱ्याआधीही होता. म्हणून कॉम्प्युटरमागचं कपाट सरकवलं. कॉम्प्युटरचा प्लग कंप्रेसरच्याच लाईनवरच्या बोर्डात होता. वीज हलली तरी त्याला सांभाळणारा यूपीएस मात्र भिंतीपलीकडे मेंटेनन्स विभागातल्या देवाच्या तसबिरीभोवतीची दिव्यांची माळ उजळत होता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा वीज गेली तरी देवापुढचा उजेड जाऊ नये म्हणून प्रमुखाने ही जोडणी केली होती.

प्लग मी एका मिनिटात बदलू शकलो असतो. बदलला नाही. त्या दिवशी आणखी दोन गाड्या खोळंबल्या. मी खोळंबू दिल्या.

सातव्या दिवशी मालकांना आणि प्रमुखाला कॉम्प्युटरजवळ बोलावलं. एअर गन दाबून धरली. टाकीतली हवा उतरली, कंप्रेसर सुरू झाला, पडदा काळा पडला. वही त्याच्या हातात दिली आणि मग वायर दाखवली.

"देवाची लाईन काढायला सांगताय व्हय?" तो मालकांकडे बघत म्हणाला.

मालक घुटमळले. दसऱ्याला त्या तसबिरीला पहिला हार त्यांचाच असतो. "भाऊ, देवाला वेगळा यूपीएस आणू," ते शेवटी म्हणाले. "ही तुम्हीच काढा."

त्याने पायातले बूट काढले, हात जोडले आणि प्लग ओढला. माळ विझली.

"चला, मिटलं," मालक म्हणाले.

"यांनी पेन ड्राइव्हचं चहाच्या वेळी काढलं होतं," मी म्हणालो. "चहाच्या वेळीच मिटेल."

दुसऱ्या दिवशी कप हातात घेऊन तो बोलला, "पेन ड्राइव्हचा संबंध न्हाई. वायर माझीच व्हती." बोलताना खालीच बघत होता. नऊ जण हजर होते. उरलेल्या दोघांना मी नंतर सांगितलं.

जोडणी करताना परिणाम त्याच्या लक्षात आला नसेल, हे शक्य आहे. मला त्यामुळे फरक पडत नाही.

तेव्हापासून दर सोमवारी मी मालकांना मेल करतो: मागच्या आठवड्यातले रीस्टार्ट, शून्य. प्रत त्याला. संक्रांतीच्या सुमारास तो माझ्या टेबलाशी आला.

"आता बास करा की राव. पोरं हसत्यात."

"कॉम्प्युटर बंद पडला की थांबवतो," मी म्हणालो आणि त्या आठवड्याचा मेल त्याच्यासमोरच पाठवला.