आठाने भागून बाकी एक

वुर्यानीला त्या वर्गात नेलं ते नुसती डोकी भरायला. जाकार्तापासून लांबच्या सुम्बरेजो गावच्या सभागृहात बायकांना फुकट प्रोग्रॅमिंग शिकवायला शहरातून पालुपी नावाची मुलगी आली होती. यादीवर बारा नावं हवी होती आणि अकरावर घोडं अडलं होतं. सरपंचबाई टेंपेच्या वड्या घ्यायला वुर्यानीच्या दारात आल्या आणि त्यांनी गळच घातली, "बू वुर्यानी, तुम्ही नुसतं येऊन बसा हो. बाकी काही करायचं नाही."

बू म्हणजे तिकडे बाई, आणि नुसतं बसणं या बाईला जन्मात जमलेलं नाही. वय सत्तेचाळीस, शाळा आठवीत सुटलेली. पहाटे सोयाबीन उकडायचं, सालं काढायची, आंबवण लावून केळीच्या पानांत टेंपे बांधायचे, आणि आज या गावच्या बाजारात तर उद्या त्या गावच्या. बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार.

पहिल्या दिवशी तिने तीन ओळी लिहिल्या आणि लॅपटॉपने लाल अक्षरांत चूक दाखवली.

"चूक चूक काय म्हणतोय मेला! काय चुकलं ते सांग की!"

"बू, दुसऱ्या ओळीच्या शेवटी दोन टिंबं राहिली," पालुपी म्हणाली.

"दोन टिंबांसाठी एवढा थयथयाट? माझी सासू बरी होती की मग!"

शेजारी बसलेली जुमिरा, तिची बाजारातली मैत्रीण, हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. वुर्यानीने टिंबं दिली. पडद्यावर तिचं नाव दहा वेळा उमटलं, एकाखाली एक. आपण सांगितलं आणि याने ऐकलं! घरात तर कुणी एकदा सांगून ऐकत नाही. तिने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दहा वेळा. मग शंभर केले. पालुपीने हात धरला तेव्हा थांबली.

तिसऱ्या दिवशी पालुपी भागाकारातली बाकी शिकवायला लागली. आंबे वाटून झाले, केळी वाटून झाली, बायका जांभया द्यायला लागल्या. एकदम वुर्यानी ओरडली, "अगं, हा तर आमचा बाजार!"

"कसला बाजार?"

"पाच दिवसांचा गं! लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, की परत लेगी. आज पोन. तेवीस दिवसांनी मी कुठल्या बाजारात बसायचं? तेवीसला पाचाने भाग, उरले तीन. वागे, क्लिवोन, लेगी. लेगीचा बाजार!"

पालुपीने हातातला खडू खाली ठेवला. "बू, तुम्ही हे रोज तोंडी करता?"

"मग? रिकाम्या बाजारात जाऊन माशा मारू?"

त्या दिवशी ती घरी चालत आली नाही, उडत आली म्हणा. पण दारात पाय ठेवला आणि सगळा उत्साह ओसरला. घरात वेनिंग होती ना.

वेनिंग तिची एकुलती एक लेक, चोवीस वर्षांची. गिलांग नावाच्या शाळामास्तराशी तिचं जमलं होतं. मुलगा सोन्यासारखा, दोन्ही घरं राजी. पण गिलांगचे आजोबा म्बाह कार्यो हे पंचक्रोशीतले लग्नाचे आकडे मोजणारे. दोघांचे जन्मवार, दोघांचे बाजारदिवस, प्रत्येकाचा ठरलेला आकडा. चारही मिळवायचे आणि आठाने भागायचं. म्हाताऱ्याने बोटांच्या पेरांवर मोजलं. वेनिंग सोमवार वागे, म्हणजे आठ. गिलांग गुरुवार पाहिंग, म्हणजे सतरा. बेरीज पंचवीस, आठाने भागून बाकी एक. आणि एक उरला म्हणजे काडीमोड. झालं! येती सोडून पुढच्या लेगीच्या सकाळी घरी येतो, चहा घेऊ आणि मानाने हा विषय मिटवू, असा त्यांचा निरोप होता. वेनिंगने रडणं कधीच संपवलं होतं. परदेशातल्या कारखान्याचा अर्ज भरून तिने टेबलावर ठेवला होता, सही तेवढी बाकी होती.

"आई, तू जा तुझ्या वर्गाला. खेळ त्या डब्याशी," ती म्हणायची.

वुर्यानीला हे काळजात लागायचं. तिने पालुपीला सांगून टाकलं, "मला मोजणीचा प्रोग्रॅम करायचाय. म्हातारा ऐंशीचा आहे. कुठेतरी चुकला असणार, असणारच!"

आणि बाई अशी काही भिडली! टेंपे बांधताना तोंडाने जर-तर चालू. गिऱ्हाईक म्हणे, "चार द्या," आणि ही म्हणे, "चार म्हणजे बाकी चार की बेरीज चार?" सुरुवात कुठून करायची तेही तिनेच शोधलं. देश स्वतंत्र झाला तो दिवस शुक्रवार लेगी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. तिथून जन्मतारखेपर्यंत दिवस मोजायचे. साताने भागून वार, पाचाने भागून बाजार. पाच दिवसांत सतरा चुका काढल्या आणि सतरा वेळा मशीनच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी एका दुपारी लॅपटॉप घरी आणून वेनिंगला ओढत समोर बसवलं आणि दोघांच्या तारखा घातल्या.

पंचवीस. बाकी एक.

वेनिंग पडद्याकडे बघत राहिली. "झालं समाधान? एक म्हातारा कमी होता, आता मशीनही तेच म्हणतंय." ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. वुर्यानीला त्या मशीनचा इतका राग आला की उचलून विहिरीत टाकावं. पण लॅपटॉप सभागृहाचा होता.

दुसऱ्या दिवशी ती तोंड पाडून वर्गात आली. पालुपीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बू, प्रोग्रॅम तपासला का? ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे, ते आधी घालून बघायचं असतं."

जुमिराची तारीख घातली. बरोब्बर आलं. सरपंचबाईंची घातली. बरोबर. मग वुर्यानीने स्वतःची घातली आणि पडद्यावर आलं, गुरुवार पाहिंग.

"हॅट्! मी शुक्रवार पोनची! दर पस्तीस दिवसांनी माझ्या आईने पोनच्या शुक्रवारी लाल-पांढरी खीर केली माझ्या नावाने. आई चुकेल होय?"

"कोड तर बरोबर दिसतोय," पालुपी ओळीवर ओळ बघत म्हणाली.

जुमिरा पेरू खात होती. ती म्हणाली, "अगं, तू तर मशिदीतला संध्याकाळचा मगरीबचा नगारा वाजून गेल्यावर झालीस ना? तुझी आई सांगायची की."

वुर्यानीने डोक्यावर हात मारला. "सूर्य बुडाला की पुढचा दिवस लागतो! देवा! हे मशीनला कुणी सांगितलंच नाही!"

"तुम्हीच नाही सांगितलंत," पालुपी हसली. "सांगितलं नाही ते त्याला कळत नाही. त्याचा दिवस रात्री बारालाच बदलतो."

"आणि जन्मदाखल्यावरचाही!" वुर्यानी म्हणाली. मग जी उठली ती चपला न घालताच पळाली.

वेनिंग झाली ती जाकार्तात, गोदीजवळच्या भाड्याच्या खोलीत. नवरा तिथे ट्रक चालवायचा. ना सासू जवळ, ना आई. खीर कुणी करायची आणि दिवस कुणी मोजायचा? पोर सहा वर्षांची झाल्यावर गावी परतले, तेव्हा म्बाह कार्योंनी दाखल्यावरची तारीख बघून सांगितलं, सोमवार वागे. तेच सगळ्यांनी धरून चाललं. वुर्यानीने कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा केला. दाखला सापडला. वेळ, अठरा वाजून पंचवीस मिनिटं. आणि तिला लख्ख आठवलं, कळांनी जीव जात असताना बाहेर मगरीबची बांग झाली होती, संपलीही होती, आणि मग पोर रडली होती. वीस वर्षांहून जास्त काळ हे तिच्या कानात होतं आणि तिने कधी बघितलंच नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटलं.

वर्गात परत येऊन तिने पालुपीला कीबोर्डला हात लावू दिला नाही. जर जन्म मगरीबनंतरचा, तर दिवसांत एक मिळव. दोन टिंबं विसरली नाही. आधी स्वतःची तारीख घातली. शुक्रवार पोन! मग वेनिंगची. मंगळवार क्लिवोन. तीन आणि आठ, अकरा. त्यात गिलांगचे सतरा. अठ्ठावीस, बाकी चार.

चार म्हणजे तप. पहिली वर्षं ओढाताणीची, पुढे सुख. वुर्यानी एवढ्या जोरात किंचाळली की सरपंचबाई कचेरीतून धावत आल्या. "अगं, ओढाताण कुणाच्या लग्नात नाही? ओढाताण चालेल! दोन्ही हातांनी चालेल!"

लेगीच्या सकाळी म्बाह कार्यो आले. मागे गिलांग, उतरलेल्या चेहऱ्याचा. वुर्यानीने चहा ठेवला, शेजारी लॅपटॉप ठेवला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता हे यंत्र मला मोजायला शिकवणार?"

"छे हो म्बाह. त्याला मीच शिकवलं. ते माझ्याबाबतीत चुकलं, म्हणून मला कळलं की वेनिंगच्या बाबतीत मीही चुकले." तिने दाखला दोन्ही हातांनी पुढे केला. "वेळ बघा."

म्हाताऱ्याने कागद डोळ्यांपाशी नेला. त्याचा अंगठा पेरांवरून फिरायला लागला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अगदी सावकाश.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "हा कागद तेव्हाही मीच वाचला होता. तारीख वाचली आणि ठेवून दिला."

"मी आई होते, म्बाह. मी सांगायला हवं होतं."

"तुला काय ठाऊक काय सांगायचं ते! विचारायचं मी होतं." त्याने कागदाची घडी घातली आणि दाराआड उभ्या असलेल्या वेनिंगला हाक मारली. "इकडे ये पोरी. चार उरतात. पहिली काही वर्षं जड जातील."

वेनिंग पुढे आली. गिलांगकडे तिने एकदाच बघितलं. "जाऊ देत की, म्बाह. आम्ही दोघं आहोत ना."

म्हातारा मान डोलावून म्हणाला, "मग लग्नाचा दिवस काढू."

इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली वुर्यानी तिथेच फतकल मारून बसली आणि तिने असा काही हंबरडा फोडला की जुमिरा शेजारच्या घरातून हातातला झारा तसाच घेऊन धावत आली. लग्न मोडलं असंच तिला वाटलं.