पिशवीतला कांदा

मंडईच्या दाराशी एक माणूस फिट येऊन कोसळला. "कांदा आणा, कांदा!" घोळक्यातून कुणीतरी ओरडलं. माझ्या पिशवीत कांदे होते. मी एक काढून दिला आणि मागे सरकलो.

कांदा हुंगवून काही होत नाही, माणसाला हलकेच कुशीवर वळवायचं असतं, हे मला ठाऊक होतं. ऑफिसातल्या प्रशिक्षणात मी साहेबांना सतरंजीवर झोपवून तसं वळवलंही होतं. टाळ्या मिळाल्या होत्या. इथे मात्र वाटलं, आपल्या हातून काही कमीजास्त झालं तर? एवढी माणसं आहेत, कुणीतरी करेल. द्यायला एखादी वस्तू हाताशी असली, की स्वतः पुढे जायचं किती सहज राहून जातं.

शेवटी कोथिंबीर विकणारी एक बाई उठली. "सरका, वारा येऊ द्या. माझ्या लेकीलाबी येते," म्हणत तिने त्याला कुशीवर वळवलं. हळूहळू त्याचे हातपाय शांत झाले.

मग तिने बाजूला पडलेला कांदा उचलला. "कुणाचा हाय?"

मी हात पुढे केला. धुऊन घ्यावा लागेल, एवढंच माझ्या मनात आलं.