विहिरीवरची बाई

तार आली तेव्हा मी कोपरगावच्या शाळेत नववीला रसायन शिकवत होतो. शिपायाने ती वाचून झाल्यावरच माझ्या हातात दिली असणार, कारण तो माझ्याकडे बघेना. "अक्का गेली. लगेच ये." आठच दिवसांपूर्वी तिचं पत्र आलं होतं, कावीळ उतरते आहे, उगाच रजा वाया घालवू नकोस. मी ते खरं मानलं, कारण तसं मानणं सोयीचं होतं. नगरच्या स्टँडवर उतरलो तोवर तिला माती देऊन लोक घरी परतले होते.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर मला तिनेच वाढवलं, शिकवलं, आणि त्यात तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आठवडाभर ती प्राथमिक शाळेत शिकवी आणि रविवारी आमच्या देवळात मुलांची शाळा घेई. आम्ही नगरची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. तिथे पूर्वेच्या भिंतीत रंगीत काचांची एक मोठी खिडकी आहे. विहिरीच्या काठावर येशू बसलेला, तहानेला पाणी मागतो आहे, समोर घागर घेऊन उभी शोमरोनी बाई, यहुद्यांना न चालणाऱ्या जातीची. सकाळच्या उन्हात तिचं निळं वस्त्र फरशीवर उतरायचं, घागरीचा तांबडा रंग बाकांवर चढायचा. अक्का मुलांना ओंजळी पुढे करायला लावी. "कुणाच्या हातात निळा आला? सांडू नका हं." त्या बाईची नजर जरा तिरकी होती. अक्का हसून म्हणायची, "ही आपल्याकडचीच रे. पाणी मागणाऱ्याला आधी जात विचारते." ती खिडकी म्हणजे माझ्या बहिणीचं माहेर होतं, असं मला आता वाटतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. नगरात लष्कराचं मोठं ठाणं, त्यामुळे ब्लॅकआउट कडक. देवळाच्या सगळ्या काचांना आतून काळा रंग फासला. लढाई थांबली, नाताळ तोंडावर आला, आणि रंग खरवडायचं काम अक्काने अंगावर घेतलं. ती रॉकेलच्या बोळ्याने इंच इंच पुसत बसली होती. मी सुट्टीवर आलेला, विज्ञानाचा शिक्षक, उंटावरचा शहाणा. "अशानं ईस्टर उजाडेल," म्हणालो, आणि तिच्या पाण्याच्या बादलीत कॉस्टिक सोडा ओतला. "काचेला काही होत नसतं," हेही वर सांगितलं. काचेला खरंच काही झालं नाही. वस्त्रांचे रंग काचेतच मुरलेले होते. चेहऱ्याच्या रेषा मात्र वरून काढलेल्या, त्याही भट्टीत कच्च्या भाजलेल्या... अक्काने बाईच्या तोंडावरून फडकं फिरवलं आणि काळ्या रंगाबरोबर डोळे, नाक, ओठ सगळं निघून आलं. खाली उरली नुसती फिकट पिवळी काच. अक्का शिडीवरच बसून राहिली.

मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, पंचांनी दोघांना बोलावलं. विलायतेहून आलेली काच, पूर्वजांची ठेव, वगैरे. "हे कुणी केलं?" मी तोंड उघडण्याआधी अक्का म्हणाली, "हात माझा होता." माझी नोकरी मिशनच्या शाळेतली, अजून कायम व्हायची होती. तिने उत्तर दिलं आणि मी ते दिलेलं राहू दिलं. पंचांनी तिची रविवारची शाळा काढून घेतली. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "मुलांना ओंजळी कोण धरायला लावील रे आता?" त्यानंतर सव्वा वर्षात आम्ही या विषयावर एक अक्षरही बोललो नाही. सुट्टीत उपासनेला गेलो तर मी खांबाआड बसायचो आणि मान वर करत नसे.

काचा पुसायचं काम मात्र पंचांनी तिच्याकडेच ठेवलं होतं. ती गेल्यावर, यंदा ईस्टरआधी, मी म्हटलं, मी पुसतो. दुष्काळामुळे अर्धीच बादली पाणी मिळालं. शिडीवर चढलो. चेहऱ्याच्या काचेवर काहीतरी काळपट दिसलं. धूर बसला असेल म्हणून ओलं फडकं फिरवलं. देवळात झाडलोट करणारी साळूबाई खालून म्हणाली, "सर, तेवढं पुसू नका. तुमच्या अक्कांनी डोळं रेखल्यात तितं, काजळानं. उन्हानं वघळत्यात, मंग शनवारी परत रेखायच्या. शिडी मीच धरायची."

फडक्याला काळं, तेलकट लागलं होतं. एक डोळा गेला होता. दुसरा होता, माझ्याकडे बघत.

"साळूबाई, तो सोडा मी ओतला होता."

तिने झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "मंग आता मला सांगून काय उपेग, सर?"

खरं आहे. पंचांना मी लेखी कळवलं आहे. आमच्या मंडळीत या मासिकाचं हे पानही वाचलं जातं, म्हणून इथेही लिहितो. फडकं अक्काच्या हातात असलं तरी तिने काही पुसलं नव्हतं. ते मी पुसलं, दोनदा.

गेले तीन रविवार मी कोपरगावहून येऊन पहिल्या बाकावर बसतो. ऊन वाढलं आहे, उरलेला डोळा खाली ओघळू लागला आहे. "तुमी रेखा की, मी धरते शिडी," असं साळूबाई म्हणते. अक्काची काजळाची डबी मला घरात सापडली. दोनदा वर चढलो, काजळाचं बोट काचेपर्यंत नेलं... ती नजर मला नीट आठवते. काढता येत नाही.