येसूबाईचं बोलावणं

येसूबाई धवलारीण आहे. म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात मांडवाखाली बसून ती धवले गाते आणि देवांना, झाडांना, पाण्याला, शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी बोलावते. न्हावा शेव्याच्या आसपास तिच्याशिवाय कुणाला हळद लागत नसे. ती ज्यांना बोलावते त्यातल्या कितीतरी खाड्या आणि मिठागरं आता कंटेनरांखाली गेली आहेत. येसूबाई त्यांनाही बोलावते. यायचं की नाही ते त्यांनी बघावं.

मध्यंतरी विपुल नावाच्या व्हिडिओवाल्याने तिच्या गाण्यातलं समुद्राचं बोलावणं तेवढं उचललं, खाली ढोलकी टाकली आणि मागे निळाशार समुद्र दाखवला. तो समुद्र कुठला, हे येसूबाईला आजवर कळलेलं नाही. गावच्या पाण्याने तो रंग कधी धरला नव्हता. रील मात्र तुफान चाललं. तेव्हापासून प्रत्येक मांडवात लोक तेवढंच मागतात, आणि गावच्या पोरी आपल्या खाडीकडे पाहून नाक मुरडतात. येसूबाई मिनिटभर गाते, मानाची साडी घेते आणि घरी येते. राग येतो तिला, पण साडी बरी असते.

मग नातीचं, प्राप्तीचं, लग्न ठरलं. प्राप्तीची आई नूतन ही येसूबाईची एकुलती लेक. ती करोनात गेली. शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. या मांडवात येसूबाईला नूतनला बोलवायचं होतं. बाकी तिची कसलीच हौस नव्हती.

हळदीला प्राप्ती पाटावर बसली. "आजी, फक्त रीलवालं हां. मग डीजे."

येसूबाईने समुद्राला बोलावलं. सगळ्यांचे मोबाइल वर झाले, टाळ्या पडल्या, विपुलने खूश होऊन अंगठा वर केला. येसूबाई थांबलीच नाही. गाण्यात ती पुढे खाडीवर आली.

"आजी, झालं ना, बास!"

"न्हाय झालं. तुझ्या आयला बोलवाचं हाय."

"मग तिला डायरेक्ट बोलव ना."

"ती खाडीवरनं येनार. खाडीला सांगितलंच न्हाय, तं येल कशी?"

प्राप्तीला त्या खाडीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ती रोज ज्या ऑफिसात बसते, ते त्याच खाडीच्या भरावावर उभं आहे. पण आई तिथूनच येणार होती. मग हळदीच्या हाताने तिने विपुलचा कॅमेरा खाली केला आणि डीजेवाल्याला थांबायची खूण केली.

"आजी, पहिल्यापासून म्हण. कुणाला सोडू नको."

येसूबाईने पहिल्यापासून घेतलं. जेवणं खोळंबली. येसूबाईचा जावई, प्राप्तीचा बाप दिनानाथ सारखा घड्याळ बघत होता, मग त्यानेही बघायचं सोडलं. खाडी झाली, मिठागर झालं, बांधावरचा उंबर झाला. नूतनचं नाव आलं तेव्हा येसूबाईचा आवाज तुटला, आणि बाजूच्या बायांनी ते नाव उचलून पुढे नेलं.

प्राप्ती पाटावर जराशी सरकून बसली, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.