मामाचा खालचा सूर

आमच्या मामाइतका सुराला हट्टी माणूस धारूरच्या अख्ख्या डोंगरात सापडायचा नाही. वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली, तेव्हा खाणारी तोंडं सहा आणि आधार मेंढरांचा. माझ्या वयाची पोरं कळपामागं जायची. मामानं माझ्या हातातली काठी काढून दप्तर दिलं आणि माझ्या वाटणीचंही तोच चालला. घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी कुणी न विचारता सांगतो. कुणाच्या पायांवर झालो, हे मात्र विचारलं तरी सांगत नव्हतो.

मामाला वाद्यांचा राग. "पेटीला हवा लागती, ढोलकीला चामडं. गळ्याला काय लागतंय बे?" लग्नात बँडवाल्याला थांबवून तो सांगायचा, "जरा खाली घे, नवरी घाबरती." घरी मामीच्या मिक्सरशी सूर जुळवायचा. तिनं मिक्सर बंद केला की रुसायचा, "कावून तोडलंस? आत्ता कुठं जुळलं हुतं!" संध्याकाळी मेंढरं कोंडली की तोंड मिटून एकच खोल सूर धरायचा. मेंढरं बसायची, कुत्रं बसायचं, मामीसुद्धा दोन मिनिटं गप्प व्हायची.

मी मोबाइलवरून एका समूहगानाच्या गटात शिरलो होतो. वाद्य नाही, नुसते गळे. प्रत्येकानं घरी बसून आपला भाग म्हणायचा, आवाज आणि चित्र वेगवेगळं पाठवायचं, पुण्याच्या ताई सगळं जोडणार. माझ्या वाट्याला तोंड मिटून धरायचा खालचा सूर आला आणि माझा आवाज तिथवर उतरेना. सरावाच्या व्हिडिओ कॉलवर ताईंनी विचारलं, "तुमच्याकडे कुणी खर्जातलं आहे का?" पडद्यावर सगळे नीटनेटके, मागं पुस्तकांची कपाटं. मला मामाचा मळका पटका आठवला, त्याचं 'हाय-न्हाई' आठवलं. म्हणालो, "कुणी नाही."

आणि त्याच संध्याकाळी मामाच्या कानात मोबाइलची वायर घातली. "मेंढराला बिल्ला मारतेत तसं वाटतंय," तो म्हणाला. मी सांगितलं, वायर चालते का बघायचंय, ऐकू येईल तसा सूर धर. त्यानं धरला. मी तो मोबाइलवर टिपून माझा म्हणून पाठवला. चित्रात माझं तोंड मिटलेलंच, कळणार कुणाला?

गाणं तयार होऊन आलं. मामानं डोळे मिटून ऐकलं. स्वतःचा आवाज त्यानं जन्मात बाहेरून ऐकला नव्हता.

"ह्यो खालून कोण धरतंय बे? बाकीचे समदे त्याच्यावर हुबे हायेत."

"मी," मी म्हणालो.

मामा मोबाइल घेऊन घरोघर फिरला. "आमच्या भाच्याचा गळा!" आणि संध्याकाळी सूर धरायचा थांबला. "घरात येवढा गळा आसताना मी कावून घोगरा काढू? आता तू धर." मी धरला. बसलेली मेंढरं उठली.

तीन संध्याकाळी कसंबसं निभावलं. चौथ्या दिवशी बोललो, "मामा, त्यो आवाज तुझा हाय."

तो हसला. "माझा आसला आसतोय व्हय?" मी नुसता त्याचाच तुकडा ऐकवला. त्यात मागून मामीचा खोकला होता. मामानं डोक्यावरचा पटका सोडून पुन्हा बांधला. मग हळूच म्हणाला, "माझं तोंड दावायजोगं न्हवतं व्हय रं?"

पदवीधरानं मोबाइल हातात घेतला.

ताईंना मी सगळं खरं लिहिलं, पटक्यासकट मामाचं चित्र पाठवलं आणि त्यांनी गाणं पुन्हा जोडलं. आता गाणं लावलं की मामा अजूनही पडद्यावर आधी माझ्या चित्राचा चौकोन शोधतो. पण शेजारी त्याचाही आहे, आणि त्याच्याखाली त्याचं पूर्ण नाव आहे.